एक, दहा, अकरा, मग दोन

"साहेब, तुमच्या संस्थेतला कॉम्प्युटर ऐन कामात बंद पडला, तर तुम्ही स्वतः काय करता?"

हा प्रश्न भिंगरीचा नव्हता. प्रश्न होता चष्मिस आणि लंबू या तिच्या दोन मैत्रिणींचा. भिंगरीचं होतं ते फक्त तोंड. शाळेच्या सभागृहात पीक संशोधन संस्थेचे मोठे साहेब पाऊण तास भाषण देऊन थांबले होते, आणि "कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा" असं म्हणून, आता कोणी विचारणार नाही अशा खात्रीने पाणी पीत होते. तेवढ्यात चष्मिसने कोपर मारलं. "हे विचारून दाखव. नाही विचारलंस तर महिनाभर आमची दप्तरं उचलायची."

गेल्या वर्षापर्यंत भिंगरी हजेरी देतानाही बाकाखाली बघायची. पण मागच्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला रविवारचीसुद्धा सुट्टी नव्हती. ती उठली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली.

साहेब हसले. "बाळ, आमच्याकडे कॉम्प्युटर बंद पडत नाहीत."

इथे खाली बसायचं असतं. कोणीही शहाणी मुलगी बसली असती. पण टाळ्यांची चटक लागलेलं माणूस वेगळंच असतं.

"असं कसं साहेब? माझ्या आईचा तर सोमवारपासून बंद पडतोय! अकरा वेळा पडलाय! दर वेळी बरोब्बर अठ्ठावीस टक्क्यांवर!"

सभागृह खदखदून हसलं. लंबू तर बाकावरून घसरली. साहेबांच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं निघून गेलं.

"तुझी आई कोण?"

विज्ञानाच्या बाईंनी पुढे होऊन त्यांच्या कानात सांगितलं.

"अस्सं. काचघरवाल्या बाई." साहेबांनी खिशातली छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. "आईला म्हणावं, शुक्रवारी चार म्हणजे चार."

आणि भिंगरीच्या पायाखालची फरशी थंड झाली. कारण शुक्रवारी चार वाजता काय आहे, हे तिला माहीत होतं. आणि आईने ही बंद पडण्याची गोष्ट साहेबांपासून लपवून ठेवली होती, हेही तिला माहीत होतं. फक्त ते आठवायला जरा उशीर झाला.

तर शुक्रवारी चारचा मामला असा. संस्थेच्या काचघरात आईची घेवड्याची दोनशे बारा रोपं होती. चार वर्षं खपून, एका जातीचा दुसरीशी संकर करत करत तिने ती तयार केली होती. मुळं कुजवणाऱ्या रोगाला यातली काही रोपं दाद देणार नव्हती. कुठली, ते वरून कळत नव्हतं. सगळी सारखीच हिरवी, सारखीच शहाणी दिसत. ते फक्त त्यांच्या गुणसूत्रांत लिहिलेलं होतं, आणि ते लिहिलेलं वाचायला एक प्रोग्राम होता. शनिवारी सकाळी काचघर दुसऱ्या विभागाला द्यायचं होतं. शुक्रवारी चारपर्यंत ज्या वीस रोपांचे नंबर आई देईल, त्या वीस कुंड्या हलवणार, बाकीची खतात. यादी आलीच नाही, तर दोनशे बाराच्या दोनशे बारा खतात.

त्यात हा प्रोग्राम कुठल्या कंपनीचा नव्हता. देशोदेशीच्या लोकांनी मिळून तो लिहिला होता. कोणीही घ्यावा, वापरावा, आत डोकावून दुरुस्तही करावा. साहेबांना तो पहिल्या दिवसापासून खुपत होता. "कोणाच्याच मालकीचा नाही, मग बिघडला तर धरायचं कोणाला?" असं ते भर बैठकीत म्हणाले होते. आणि आई, जी एरवी भाजीवाल्याशीही वाद घालत नाही, ती म्हणाली होती, "माझी जबाबदारी, साहेब."

भिंगरी घरी पोचण्याआधीच साहेबांचा फोन घरी पोचला होता.

आई ओरडली असती तर फार बरं झालं असतं. भिंगरीने जिन्यात रडण्याची पूर्ण तयारी केली होती. पण आई ओट्यापाशी गाजर चिरत होती, ती चिरतच राहिली. खट. खट. खट.

"अकरा नाही, तेरा," आई शेवटी म्हणाली. "सांगायचंच होतं चारचौघांत, तर आकडा तरी बरोबर सांगायचा."

"आई, मी दुरुस्त करते. शुक्रवारच्या आत. शप्पथ."

"हात लावायचा नाही."

खट. खट.

"संस्थेच्या मोठ्या कॉम्प्युटरवर का नाही करत मग?"

"रांगेत माझा नंबर सत्तेचाळिसावा आहे. पुढच्या गुरुवारी लागेल. नंबर आधी हवा असेल तर एक फॉर्म आहे, त्यावर साहेबांची सही लागते, आणि कारण लिहावं लागतं." आईने सुरी खाली ठेवली. "काय लिहू? 'कन्येने सांगितलेच आहे'?"

म्हणूनच आईने सगळी माहिती एका डिस्कवर घालून घरी आणली होती आणि आमचा, म्हणजे भिंगरीच्या घरचा, जेवणाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर कामाला लावला होता. पूर्ण काम दोन तास चाळीस मिनिटांचं. पण पाऊण तास झाला, आकडा अठ्ठावीसवर आला, की काळ्या पडद्यावर दोन शब्द उमटत: 'सेगमेंटेशन फॉल्ट'. याचा सरळ अर्थ असा, की मी मेलो आहे आणि का मेलो ते सांगणार नाही.

बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "यंत्राला शिस्त लागते. शिस्त!"

बाबा जुनी कागदपत्रं जपणाऱ्या कचेरीत नोकरीला. तिथे पंचवीस वर्षं काढल्यामुळे जगात जे जे म्हणून आहे ते क्रमाने लावलेलं असावं, असं त्यांचं मत होतं. घरातले डबे उंचीप्रमाणे, मोजे रंगाप्रमाणे, आणि फोनमधले नातेवाईक येऊन राहण्याच्या दिवसांप्रमाणे लावलेले. दर रविवारी अकरा ते बारा ही त्यांची आवराआवरीची वेळ. त्या तासात घरात स्थिर बसलेलं माणूससुद्धा कुठेतरी लावून ठेवलं जाण्याची भीती असे.

आईने "हात लावायचा नाही" म्हटलं खरं, पण भिंगरी खुर्ची ओढून शेजारी बसली तेव्हा उठवलंही नाही. चौदाव्यांदा काम सुरू केलं. आणि तेवढ्यात इमारत आली.

बातम्यांना आमच्या जिन्यात लिफ्ट लागत नाही. लंबूची आई तळमजल्यावरच राहते. पहिल्यांदा वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर आजोबा उतरले. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस. घोटभर चहा जास्त गोड झाला तरी त्याचा भार कुठे गेला याचा विचार करणारा. त्यांनी कॉम्प्युटरच्या पाठीला हात लावला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात.

"तापलंय. अठ्ठावीस टक्क्यांपर्यंत तग धरतं, मग मान टाकतं. वारा द्या, वारा!" आणि ते स्वतःचा पुरुषभर उंचीचा पंखा घेऊन आले.

समोरच्या दारातल्या गाणंवाल्या बाई आल्या. "यंत्राजवळ वरच्या पट्टीत बोलू नका हो, माझी तंबोऱ्याची विजेची पेटी अशीच बिघडली," एवढं वरच्या पट्टीत सांगून त्या सोफ्यावर बसल्या.

तळमजल्यावरचे शिंपीमामा दाराच्या चौकटीतच उभे राहिले, गळ्यात मापाची पट्टी. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पण ते म्हणाले, "दर वेळी एकाच जागी अडतं म्हणता? मग मशीनचा दोष नाही, कापडाचा असेल. ज्या टाक्याला अडतं, त्याच्या आधीचा टाका बघायचा." त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. पंखा आला होता ना.

आजोबांनी पंखा लावला. तीन नंबरवर. टेबलावर आईचे दोनशे बारा कुंड्यांचे कागद होते, ते एखादा थवा उडावा तसे उठले. थोडे गाणंवाल्या बाईंच्या मांडीवर, थोडे सरळ जिन्यात. "धरा! धरा!" बाबांनी धाव घेतली, आणि कागद गोळा करण्यापेक्षा ते नंबरवार गोळा करण्याच्या नादात जिन्यावरच अडकून पडले. पडद्यावर आकडा सत्तावीस होता. आई ओठ दाबून बघत होती. सत्तावीस पूर्णांक नऊ. आणि खाडकन अंधार!

फ्यूज गेला होता. पंखा, कॉम्प्युटर आणि लंबूच्या घरची इस्त्री यांचं एकमत झालं नव्हतं. सगळी इमारत जिन्यात जमली, आणि अंधारातून आजोबांचा आवाज आला, "पाहिलंत? म्हणजे विजेचाच दोष होता!"

वीज आल्यावर पंधराव्यांदा केलं. पंख्याशिवाय, इस्त्रीशिवाय, गाण्याशिवाय. अठ्ठावीस टक्के. सेगमेंटेशन फॉल्ट.

आई उठली आणि भांडी घासायला गेली. घासून झालेली भांडी.

आता भिंगरीने स्वतःची अक्कल चालवली. या प्रोग्रामची एक सार्वजनिक प्रश्नपाटी होती. जगातलं कोणीही तिथे अडचण लिहावी, आणि ज्यांनी प्रोग्राम लिहिला त्यांच्यापैकी कोणी वेळ मिळेल तसं उत्तर द्यावं. भिंगरीने लिहिलं: "मदत करा!!!! सगळं बंद पडतंय!!!! दोनशे बारा जीवांचा प्रश्न आहे!!!!" उद्गारचिन्हं तिने हातचं न राखता वापरली.

गुरुवारी सकाळी शाळेला निघताना बघितलं, तर उत्तर आलं होतं. 'घुबड' असं टोपणनाव लावणाऱ्या कोणीतरी लिहिलं होतं:

"काय बंद पडतं? कुठे? कुठली आवृत्ती? शेवटच्या वीस ओळी कुठे आहेत? सगळी माहिती देऊ नका. बंद पडेल असा सर्वांत लहान तुकडा करून दाखवा. प्रश्न अपुरा असल्याने तूर्त बंद करत आहे."

प्रश्न बंद! भिंगरीची कानशिलं तापली. वक्तृत्वात दुसरं बक्षीस मिळवलेल्या मुलीचा प्रश्न अपुरा! ती दिवसभर वर्गात त्या घुबडाला मनातल्या मनात इतकं टोचून बोलली, की गणिताच्या बाईंनी तिला दोनदा विचारलं, ओठ का हलतायत.

"सोड गं," चष्मिस मधल्या सुट्टीत म्हणाली. "आम्ही गंमत केली होती. दप्तरंसुद्धा आम्हीच उचलू तुझी."

"दप्तर नको. डोकं उचला. लहान तुकडा म्हणजे काय असेल?"

लंबू, जिला विज्ञानात कधी सहाच्या वर मार्क नाहीत, ती डबा खाता खाता म्हणाली, "घेवड्याची गुणसूत्रं किती?"

"अकरा."

"मग एकेक चालवून बघ ना. ज्याच्यावर मरेल ते चोर."

भिंगरीने लंबूचा गालगुच्चा घेतला तो इतका जोरात, की तो दोन तास लाल होता.

गुरुवारी संध्याकाळी आई घरी नव्हती. ती काचघरात गेली होती. बाबांनी सांगितलं, "म्हणाली, यादी काहीच न देण्यापेक्षा डोळ्यांनी बघून वीस निवडते. जी जोमदार दिसतील ती." बाबांचा आवाज नेहमीसारखा लावलेला नव्हता. चार वर्षांचं काम आणि शेवटी डोळ्यांनी निवडायचं. मेथीची जुडी निवडावी तसं.

भिंगरी टेबलाशी बसली. पहिलं गुणसूत्र एकटं: चाललं. दुसरं: चाललं. हिशेबाने अठ्ठावीस टक्के म्हणजे साधारण तीन गुणसूत्रं संपल्यावरची जागा. म्हणजे चोर असणार चौथं. तिने चौथं लावलं. चौथंही चाललं! छानपैकी, गुणगुणत असल्यासारखं. पाचवं, सहावं, नववं, दहावं, अकरावं. अकराच्या अकरा सज्जन. तिसरं आणि चौथं जोडीने लावली. तीही हातात हात घालून पार झाली. मग सगळी एकत्र केली: अठ्ठावीस टक्के, फॉल्ट.

एकेकटी सगळी साधी आणि एकत्र आली की तमाशा. भिंगरीला एकदम मामाच्या लग्नातले नातेवाईक आठवले, पण त्यातून उत्तर काही निघेना. तिने घुबडाला पुन्हा लिहिलं, यावेळी एकही उद्गारचिन्ह न घालता: आवृत्ती, प्रोग्रामला दिलेला हुकूम, काय काय करून बघितलं, आणि शेवटच्या वीस ओळी पडद्यावरून उचलून जशाच्या तशा चिकटवल्या.

आई रात्री साडेदहाला आली. नखांत माती, हातात वीस नंबरांचा कागद. "राहू दे," ती म्हणाली आणि भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताने भिंगरीला इतकं वाईट वाटलं, की फटका पडला असता तर तिने आभार मानले असते.

शुक्रवारी शाळा अर्धी होती. भिंगरी धावत घरी निघाली ती तळमजल्यावर शिंपीमामांच्या दुकानापाशी अडखळली. मामांनी मशीनवरून मान वर केली. "सापडला टाका?"

"नाही ना मामा! चौथा टाका चोर असायला हवा, पण तो चांगला आहे. त्याच्या आधीचा तिसरा, तोही चांगला."

"तिसऱ्यानंतर चौथा, हे कोणी सांगितलं?"

"म्हणजे? एक, दोन, तीन, चार!"

"ते तुझ्या डोक्यात." मामांनी हातातली बाही उलटी करून तिच्यापुढे धरली. "वरून सगळेच टाके ओळीत दिसतात. कापड उलटून बघितलंस का, दोरा खरा कुठून कुठे गेलाय ते?"

भिंगरी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. बारा वाजून पाच मिनिटं. आई संस्थेत, बाबा कचेरीत. प्रश्नपाटीवर घुबडाचं उत्तर होतं, एका ओळीचं: "चिकटवलेल्या ओळी स्वतः वाचल्यास, की नुसत्याच चिकटवल्यास?"

तिने वाचल्या नव्हत्या. पंधरा-सोळा वेळा प्रोग्राम मेला, आणि मरताना काय बोलत होता ते घरातल्या एकाही माणसाने ऐकलं नव्हतं. सगळे टक्क्यांकडे बघत बसले होते. आता तिने बोट ठेवून वाचलं.

एक पूर्ण.
दहा पूर्ण.
अकरा पूर्ण.
सेगमेंटेशन फॉल्ट.

तिसरं नव्हतंच तिथे. चौथंही नव्हतं. एकानंतर दहा! कॉम्प्युटर आकडे शब्दकोशातल्या शब्दांसारखे लावतो. आधी १ या अंकाने सुरू होणारे सगळे, म्हणजे १, १०, ११, आणि मग २. रोपांची माहिती तशी लावलेली होती. पण बाजूला एक छोटी फाइल असते, कोण कोणानंतर येणार ते सांगणारी क्रमाची यादी. प्रोग्राम ती यादी हातात धरून पुढे पुढेच चालतो, मागे वळत नाही. भिंगरीने ती फाइल उघडली. त्यात होतं: एक, दोन, तीन, चार, पाच... अकरा. शाळेतल्या पहिल्या बाकासारखं सरळ.

म्हणजे बिचारा अकरा संपवून दोनला शोधायला जायचा, आणि यादी म्हणायची दोन कधीच मागे गेला. पुढे तर काहीच नाही. तो कड्यावरून पाय टाकायचा.

पण ही यादी संस्थेतून अशी आलीच कशी? तिने फाइलीची तारीख बघितली. बदल केल्याची वेळ: रविवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं.

रविवार. अकरा ते बारा.

दारात किल्ली फिरली. बाबा जेवायला आले होते.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "रविवारी तुम्ही आईच्या डिस्कमध्ये काय आवरलंत?"

बाबांनी चपला जोडीने लावल्या, डावी डावीकडे. "फारसं नाही. एक यादी मात्र फार गबाळी होती. एक, दहा, अकरा आणि मग दोन! म्हटलं, आईची किती ओढाताण चाललीये, तेवढीच मदत. माझ्या कचेरीत असं कोणी लावलं असतं ना, तर त्याला..." आणि मग त्यांना लेकीचा चेहरा दिसला.

ते हळूच खुर्चीवर बसले. पंचवीस वर्षं ज्याच्यावर मान ताठ ठेवली, तो क्रमच उलटला होता. "मी?" ते म्हणाले. "ते दोनशे बारा... मी?"

रडायला वेळ नव्हता. बारा पंचवीस. भिंगरीने यादी पुन्हा गबाळी केली. दहा आणि अकरा एकच्या मागे नेऊन बसवले, तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले. आईला फोन लावला. "आई, सापडलं. नंतर सांगते. सुरू करू?" पलीकडून आईचा अगदी बारीक आवाज, "कर. पण नंबर फोनवर नको, छापून आण, एक आकडा चुकला तरी रोप जाईल."

बारा अडतीसला सुरू केलं. दोन तास चाळीस मिनिटं, म्हणजे तीन अठरा. संस्थेला बसने वीस मिनिटं. बसतंय. काही बिघडलं नाही तर बसतंय.

भिंगरी जिन्यात जाऊन गरजली, "तीन अठरापर्यंत इस्त्री नाही, पंखा नाही, काही नाही!" वक्तृत्वाचा असा उपयोग परीक्षकांनाही सुचला नसता. इंजिनिअर आजोबा खुर्ची टाकून फ्यूजच्या डब्यापुढे बसले, पुलाच्या चौकीदारासारखे. गाणंवाल्या बाईंनी शिकवणी रद्द केली. शिंपीमामांनी मशीनची पिन काढून हाताने टाके घालायला घेतले.

सव्वीस. सत्तावीस. बाबा उभे होते, टेबलाची कड धरून. अठ्ठावीस. भिंगरीने बाबांचा हात पकडला. अठ्ठावीस. अठ्ठावीस. अजून अठ्ठावीस.

एकोणतीस.

"गेला!" भिंगरी किंचाळली. जिन्यातून आजोबा ओरडले, "काय, फ्यूज?" "नाही आजोबा, पार गेला!"

तीन अठराला नव्हे, तीन एकवीसला यादी पडद्यावर आली. एकशे बारा, सात, दोनशे एक, चौसष्ट... सर्वांत चिवट रोप सर्वांत वर, असे वीस नंबर. बाबांनी छापलेला कागद हातात घेतला. त्यांचं बोट शिवशिवलं. "हे सात आधी घेऊन..."

"बाबा!!"

बाबांनी कागद निखाऱ्यासारखा खाली ठेवला.

बस लागलीच मिळाली, पण पुलावर रेंगाळली. दोघं संस्थेच्या फाटकाशी पोचले तेव्हा तीन एक्कावन्न. आई फाटकातच उभी होती, हातात कालचा डोळ्यांनी निवडलेला कागद. तिने नवा कागद बघितला आणि पळायला लागली. साहेबांकडे जाणारा प्रत्येक कागद आधी आवक खिडकीत नोंदवून शिक्का घ्यावा लागतो. आणि खिडकी पावणेचारला बंद होते.

"बंद," आतला कारकून म्हणाला. "सोमवारी या."

सोमवारी तिथे खत असणार होतं. तेव्हा बाबा पुढे झाले आणि गजाजवळ वाकले. आवाज शांत, कचेरीतला.

"साहेब, आजच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारलीत?"

कारकुनाने रजिस्टरकडे बघितलं. "मारायचीच आहे."

"मग आवक बंद झालेली नाही. खिडकी बंद झाली. खिडकी वेगळी आणि रजिस्टर वेगळं. पंचवीस वर्षं करतोय हो मी हेच."

कारकुनाने चष्म्यावरून बाबांना नीट बघितलं, जसा एक पहिलवान दुसऱ्याला बघतो. मग त्याने गजातून हात बाहेर काढला. "द्या." धप्प. शिक्का. तीन छप्पन.

साहेब खोलीत घड्याळाकडेच बघत होते. आईने कागद टेबलावर ठेवला तेव्हा दोन मिनिटं उरली होती. त्यांनी यादी वाचली, मग भिंगरीकडे मान वळवली. "ही तीच ना, प्रश्न विचारणारी? सापडलं का मग, कशाने बंद पडत होता?"

भिंगरी गप्प राहिली. तिने तोंडाला घातलेलं हे पहिलं कुलूप. आईला अजून माहीत नव्हतं, आणि चारचौघांत घरातली गोष्ट सांगून काय होतं, हे भिंगरीला या आठवड्यात पुरेसं कळलं होतं.

"मला वाटलंच," साहेब म्हणाले. "फुकटचे प्रोग्राम. मी म्हणालो होतो, बिघडला तर धरायचं कोणाला?"

"मला," बाबा म्हणाले.

आई गर्रकन वळली.

"प्रोग्राम बिघडला नव्हता. मी त्याची यादी आवरली," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "रविवारी. अकरा चाळीसला. धरायचं असेल तर मला धरा."

साहेबांनी बाबांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि सही केली. "वीस कुंड्या हलवा," एवढंच म्हणाले. दार लावताना मात्र भिंगरीला मागून ऐकू आलं, साहेब फोनवर कोणालातरी सांगत होते, "नाही नाही, आमच्याकडे बंद पडतात. पण सापडतं."

बाहेरच्या बाकावर आईने दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. एक डोळ्यांनी निवडलेला, एक खरा. ती बोटाने जुळवत गेली. वीसपैकी तीन नंबर सारखे निघाले.

"सतरा," आई म्हणाली. "सतरा खरी रोपं उद्या मी माझ्या हाताने खतात टाकली असती." मग ती बाबांकडे बघून हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "एक, दोन, तीन, चार लावलंत! माझ्यासाठी!"

"पुन्हा हात लावणार नाही," बाबा म्हणाले. इतक्या पडलेल्या आवाजात, की भिंगरीला ते बघवेना. तिने फोन काढला. बसमधूनच तिने घुबडाला कारण कळवलं होतं, त्याचं उत्तर आलेलं होतं:

"छान शोधलंस. पण प्रोग्रामने असं मुकाट मरायला नको होतं. 'दोन्ही याद्यांचा क्रम वेगळा आहे' एवढं तरी सांगायला हवं होतं. ती सूचना घालायची चार वर्षं राहिलीये. शिवाय पाटीवर नऊशे जुने प्रश्न बिनलावलेले पडून आहेत. माणसं कमी आहेत."

भिंगरीने ते दोनदा वाचलं. एकेक ओळ, बोट ठेवून. मग तिने उत्तर लिहिलं, पाठवून दिलं, आणि बाकासमोर उभी राहिली, जशी व्यासपीठावर राहते तशी, फक्त हात मागे न बांधता.

"आई, बाबा, मी ठरवलंय. ती सूचना प्रोग्राममध्ये मी लिहिणार आहे. येत नाही अजून, शिकेन. या सुट्टीत पोहायच्या शिबिराला जाणार नाही, हे करणार. आणि बाबा, ते नऊशे प्रश्न तारखेप्रमाणे, विषयाप्रमाणे, कसे हवेत तसे लावायला एक माणूस देते म्हणून मी तुमचं नाव कळवलंय. रविवारी अकरा ते बारा. मी विचारत नाहीये, सांगतेय."